भेग स्वतःहून भरून यावी, असे डिझाइन करता येते का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका गृहसंकुलासाठी आपण जमिनीखालची पाण्याची टाकी डिझाइन करत आहात. पाण्याची खोली ३.५ मीटर आणि भिंतीची जाडी २५० मिमी आहे. ग्राहकाने ‘स्वतःहून भरून येणारे’ काँक्रीट वापरण्याचा आग्रह धरला आहे. पुरवठादाराचे म्हणणे असे, की त्याच्या मिश्रणामुळे ०.४ मिमीपर्यंतच्या भेगा आपोआप बुजतात, म्हणून भेगा आटोक्यात ठेवण्यासाठी घातलेले लोखंड कमी करता येईल. हे कितपत खरे, आणि एकूणच अशा पदार्थांना अभियांत्रिकी डिझाइनमध्ये काय स्थान आहे, असे आपण विचारले आहे. पाणी साठवणाऱ्या बांधकामांचे डिझाइन आणि दुरुस्ती यांत माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे उत्तराचा बहुतेक भाग काँक्रीटबद्दलच असेल.

लोखंड कमी करू नका, हे आधी सांगतो. मी हे सावधगिरी म्हणून सांगत नाही, त्यामागे पदार्थाचे शास्त्र आहे. काँक्रीटची भेग भरून येते ती बारीक असते म्हणून, आणि तिला बारीक ठेवते ते लोखंड. भरून येण्याचा गुण पोत्यातून किंवा कॅनमधून काँक्रीटमध्ये येतो अशी समजूत जाहिरातींमुळे झाली आहे. प्रत्यक्षात भेगेची रुंदी, तिच्यापर्यंत पोचणारे पाणी, तिची हालचाल आणि तिचे वय या चार गोष्टी जुळल्या तरच ती भरते. मिश्रणातला घटक या चार गोष्टींना मदत करतो, त्यांची जागा घेत नाही. या चारही गोष्टी मोठ्या प्रमाणात डिझाइन करणाऱ्याच्या हातात असतात, आणि मला या विषयाचे महत्त्व वाटते ते यामुळेच.

एक भेद सुरुवातीलाच स्पष्ट केलेला बरा. भेग बुजणे वेगळे आणि भेग सांधली जाणे वेगळे. बुजलेल्या भेगेतून पाणी येत नाही, पण तिथे काँक्रीटची ताण सहन करण्याची शक्ती परत आलेली असतेच असे नाही. काँक्रीटमध्ये आपण ज्याला भरून येणे म्हणतो ते बहुतेक वेळा बुजणे असते. पाणीरोधकतेच्या आणि टिकाऊपणाच्या हिशेबात त्याला जागा आहे, ताकदीच्या हिशेबात ती देऊ नये. पुरवठादाराच्या माहितीपत्रकात हे दोन अर्थ अनेकदा एकाच शब्दात मिसळलेले असतात, म्हणून त्याच्याशी बोलताना ‘तुमच्या चाचणीत गळती मोजली की ताकद?’ हे पहिल्यांदा विचारावे.

कोणतेही खास द्रव्य न घालता साधे काँक्रीटसुद्धा भरून येते. टाकी पहिल्यांदा भरली की काही दिवसांत भिंतीवर पांढऱ्या बारीक रेषा उमटतात आणि ओल थांबते, हे साइटवर काम केलेल्या प्रत्येकाने पाहिलेले असते. भेगेच्या दोन्ही कडांवर न भिजलेले सिमेंटचे कण शिल्लक असतात, पाणी मिळाल्यावर त्यांची अभिक्रिया पुन्हा सुरू होते. काँक्रीटमधला विरघळलेला चुना भेगेत येतो, पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग होतो आणि कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक भेगेच्या भिंतींवर वाढू लागतात. पाण्याबरोबर आलेले बारीक कणही अडकतात. यांपैकी स्फटिकांची वाढ हेच गळती थांबण्याचे मुख्य कारण असते, असे संशोधक एडवर्डसन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दिसले. त्या प्रयोगांत पाण्याचा जडपणा किंवा खडीचा प्रकार यांनी फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो भेगेच्या रुंदीने आणि पाण्याच्या दाबाने. म्हणजे ज्या दोन गोष्टी गणितात मांडता येतात, त्यांनीच निकाल ठरला.

रुंदीला इतके महत्त्व का, हे एका साध्या नियमावरून कळते. अरुंद फटीतून वाहणारे पाणी फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ०.२ मिमीऐवजी ०.४ मिमी रुंदीची भेग पडली, तर इतर सर्व परिस्थिती तीच असताना गळती दुप्पट न होता आठपट होते. भरायची जागा दुप्पट आणि नुकतेच तयार झालेले स्फटिक धुवून नेणारा प्रवाह आठपट, अशी ही शर्यत असते. म्हणून एका रुंदीपर्यंत भेग हमखास बुजते आणि तिच्या थोडे पुढे गेले की वर्षानुवर्षे गळत राहते.

हा अनुभव बांधकामाच्या नियमसंहितांमध्ये पूर्वीच उतरला आहे, पण आपल्याकडे तो त्या अर्थाने वाचला जात नाही. आयएस ४५६ या भारतीय काँक्रीट-संहितेत साधारण परिस्थितीत भेगेच्या रुंदीची मर्यादा ०.३ मिमी आहे, सतत ओलावा किंवा भूजल यांच्याशी संबंध असलेल्या भागांसाठी ०.२ मिमी आणि आक्रमक वातावरणासाठी ०.१ मिमी. आयएस ३३७० पाणी साठवणाऱ्या बांधकामांसाठी ०.२ मिमीची मर्यादा घालते. ब्रिटनच्या जुन्या बीएस ८००७ मध्ये तर टाकीची चाचणी घेण्यापूर्वी ती भरून ठेवण्याचा काळ भेगेच्या डिझाइन-रुंदीवरून ठरवला होता: ०.१ मिमीसाठी ७ दिवस आणि ०.२ मिमीसाठी २१ दिवस. तो काळ काँक्रीटने पाणी शोषून घेण्यासाठी जितका होता, तितकाच भेगा बुजण्यासाठीही होता.

युरोपची ईएन १९९२-३ ही संहिता याहून पुढे गेली. भिंतीच्या आरपार जाणाऱ्या भेगांसाठी पाण्याची खोली आणि भिंतीची जाडी यांचे गुणोत्तर ५ किंवा कमी असेल तर ०.२ मिमी, ३५ किंवा जास्त असेल तर ०.०५ मिमी, आणि दरम्यान सरळ रेषेने मधली किंमत, असा तिचा नियम आहे. या मर्यादा पाळल्या तर भेगा थोड्या काळात बुजतील, हे गृहीत त्या नियमातच लिहिलेले आहे. आपल्या टाकीला तो लावून पाहू. ३.५ मीटरला ०.२५ मीटरने भागले की गुणोत्तर १४ येते. ५ पासून ३५ पर्यंतच्या ३० च्या अंतरात आपण ९ पुढे आलो, म्हणून ०.२ मधून ०.१५ च्या नऊ-तिसांश, म्हणजे ०.०४५ वजा करायचे. उत्तर सुमारे ०.१५५ मिमी. तळाजवळच्या आरपार भेगा या रुंदीत राखल्या, तर कोणतेही महाग द्रव्य न घालता त्या भरून येण्याची रास्त अपेक्षा ठेवता येते. ०.४ मिमीच्या दाव्यावर विसंबून लोखंड कमी करणे म्हणजे जवळजवळ हमखास मिळणारी गोष्ट सोडून अनिश्चित गोष्टीच्या मागे लागणे होय.

याच संहितेतली दुसरी एक अट मला त्याहूनही मोलाची वाटते. वापराच्या काळात त्या छेदातल्या विकृतीचा, म्हणजे साइटच्या भाषेत स्ट्रेनचा, चढउतार १५० दशलक्षांशांपेक्षा (दहा लाखांत १५० भागांपेक्षा) कमी असेल तरच भेग भरून येईल असे मानावे, असे ती सांगते. उघडमीट होत राहिलेल्या भेगेत स्फटिक टिकत नाहीत. आता गच्चीचा विचार करा. उघड्या स्लॅबच्या तापमानात २० अंशांचा फरक पडला आणि काँक्रीटचा प्रसरण गुणांक अंशाला १० दशलक्षांश धरला, तर २०० दशलक्षांशांची हालचाल होते. म्हणजे मर्यादा एका दिवसाच्या उन्हातच ओलांडली जाते. शिवाय आपल्या गच्च्या वर्षातले आठ महिने कोरड्याच असतात. विदर्भात किंवा मराठवाड्यात ब्रिकबॅट कोबा (गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा पाणीरोधक थर) वाचवण्यासाठी स्लॅबमध्ये असले द्रव्य घालण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

उंच टाकीची गोष्टही नाजूक आहे. गोल टाकीच्या भिंतीतल्या कडी-लोखंडावर (भिंतीभोवती गोल फिरणाऱ्या सळ्यांवर) भरलेल्या अवस्थेत १३० न्यूटन प्रति चौरस मिमी इतके प्रतिबल, म्हणजे स्ट्रेस, धरले, तर भेगेपाशी लोखंडाची विकृती ६५० दशलक्षांश होते. भेगांच्या मधले काँक्रीट मदत करत असल्यामुळे सरासरी विकृती यापेक्षा कमी असते, तरी १५० च्या आत राहील अशी खात्री देता येत नाही. आपल्या गावांतल्या बऱ्याच उंच टाक्या रोज भरतात आणि रोज रिकाम्या होतात, म्हणजे भेग रोज उघडते आणि मिटते. याउलट आपली टाकी जमिनीखाली आहे. तिच्या भिंतीतल्या उभ्या भेगा मुख्यतः पहिल्या काही दिवसांत पडतात: आधी ओतलेली बैठक नव्या भिंतीला आकुंचन पावू देत नाही आणि थंड होताना भिंत फाटते. भोवती माती असल्यामुळे तापमान स्थिर राहते, ओल सतत असते, आणि पाण्याच्या पातळीतल्या बदलाने या उभ्या भेगांमध्ये फारशी हालचाल होत नाही. भरून येण्यासाठी याहून चांगली परिस्थिती क्वचितच मिळते. ग्राहकाच्या आग्रहाला जागा निवडण्यापुरता तरी आधार आहे, असे मी म्हणेन.

माझ्या अनुभवातली एक टाकी इथे सांगण्यासारखी आहे. कोकणातल्या एका गावी जमिनीलगतच्या टाकीची पहिली चाचणी होती. टाकी भरल्यावर एका बाजूच्या भिंतीवर सहा-सात उभ्या ओल्या रेषा दिसल्या, आणि बैठक व भिंत यांच्या सांध्यावर दोन ठिकाणी पाणी झिरपू लागले. कंत्राटदाराला त्याच दिवशी टाकी रिकामी करून सगळीकडे इपॉक्सी भरायचे होते. मी टाकी भरलेलीच ठेवायला सांगितली, प्रत्येक रेषेच्या टोकाला पेन्सिलने तारीख लिहिली आणि रोज फोटो काढायला लावले. तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला सगळ्या उभ्या रेषा पांढऱ्या पडून कोरड्या झाल्या. सांध्यावरची दोन्ही ठिकाणे मात्र पहिल्या दिवशीइतकीच गळत होती. तिथे फोडून पाहिले, तेव्हा एका जागी वॉटरस्टॉप (सांध्यात पाणी अडवणारी पट्टी) दुमडलेला निघाला आणि दुसऱ्या जागी जुन्या काँक्रीटवरची सिमेंटची साय न घासताच वर नवे काँक्रीट ओतलेले होते. ग्राउटिंग केल्यावरच, म्हणजे दाब देऊन पोकळी भरल्यावरच, ती गळती थांबली. हनीकोम्ब (काँक्रीटमध्ये राहिलेल्या पोकळ्या), खराब सांधा, निघालेले कव्हर (लोखंडावरचा काँक्रीटचा थर) या भेगा नव्हेत, ती राहून गेलेली कामे आहेत, आणि कोणतेही जिवाणू किंवा स्फटिक ती पूर्ण करत नाहीत.

आता भेग बुजवण्यासाठी काँक्रीटमध्ये घातल्या जाणाऱ्या जिवाणूंकडे वळू. नेदरलँड्समधील डेल्फ्ट तंत्रज्ञान विद्यापीठात हेंक योंकर्स यांनी विकसित केलेली ही पद्धत मला खरोखर सुंदर वाटते. ताज्या काँक्रीटचा पीएच १२.५ च्या वर असतो, त्यात बहुतेक जीव तग धरत नाहीत. म्हणून अतिक्षारीय परिसरात राहणाऱ्या बॅसिलस कुळातल्या जिवाणूंचे बीजाणू घेतले जातात आणि त्यांच्याबरोबर कॅल्शियम लॅक्टेट हे खाद्य दिले जाते. भेग पडून पाणी व हवा आत शिरली की बीजाणू जागे होतात आणि ते खाद्य पचवतात. कॅल्शियम लॅक्टेटच्या एका रेणूपासून कॅल्शियम कार्बोनेटचा एक रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचे पाच रेणू तयार होतात, आणि हे पाच रेणू भोवतालच्या चुन्याशी संयोग पावून आणखी कार्बोनेट बनवतात. या प्रक्रियेत प्राणवायू खर्च होतो, हा लोखंडाच्या दृष्टीने जादा फायदा आहे. २०११ मध्ये व्हिक्टर आणि योंकर्स यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, १०० दिवस पाण्यात ठेवलेल्या नमुन्यांमध्ये जिवाणू असलेल्या काँक्रीटच्या ०.४६ मिमीपर्यंतच्या भेगा बुजल्या, तर साध्या काँक्रीटच्या ०.१८ मिमीपर्यंतच्या. आपल्या पुरवठादाराचा ०.४ चा आकडा याच प्रकारच्या प्रयोगांतून आलेला असण्याची शक्यता आहे.

तो आकडा खोटा नाही, पण त्याच्या मागच्या अटी त्याच्याबरोबर याव्या लागतात. नमुने १०० दिवस पाण्यात बुडालेले होते. तिथे गळती वाहून नेणारा ३.५ मीटरचा दाब नव्हता. बीजाणू संरक्षणाशिवाय मिश्रणात घातले तर सिमेंट घट्ट होत जाते तशी छिद्रे आकसतात आणि ते काही महिन्यांतच निकामी होतात, म्हणून त्यांना फुगवलेल्या मातीच्या सच्छिद्र दाण्यांत किंवा दुसऱ्या आवरणात ठेवावे लागते. असे हलके दाणे जास्त प्रमाणात घातले की काँक्रीटची ताकद घटते. जिवाणूंची दुसरी एक जात युरियाचे विघटन करून कार्बोनेट बनवते, ती प्रयोगशाळांत लोकप्रिय आहे. पण त्या अभिक्रियेत अमोनिया तयार होतो, त्यामुळे पिण्याच्या पाण्याच्या टाकीत ती वापरू नये. पुरवठादाराकडे कोणता मार्ग आहे, हे लेखी मागून घ्या.

आपल्या बाजारात प्रत्यक्षात अधिक सहज मिळतात ती स्फटिक वाढवणारी मिश्रणे. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या अहवालात त्यांना दाबाखालच्या पाण्यासाठी पारगम्यता कमी करणाऱ्या मिश्रणांच्या गटात ठेवले आहे, आणि तेच वर्णन मला अचूक वाटते. ०.१५ मिमीची भेग ती अधिक लवकर आणि अधिक खात्रीने बुजवतील, हा त्यांचा उपयोग आहे. आपली टाकी आणि ग्राहकाचे अंदाजपत्रक पाहता, द्रव्य घालायचेच असेल तर मी याच गटातले निवडेन.

परंतु त्याआधी लोखंडाची मांडणी बदलून पाहा. १६ मिमीच्या सळ्या १८० मिमी अंतराने लावल्या तर मीटरमागे १११७ चौरस मिमी लोखंड बसते, १२ मिमीच्या सळ्या १०० मिमी अंतराने लावल्या तर ११३१. वजन जवळजवळ तेच, पण बारीक आणि जवळजवळच्या सळ्यांमुळे भेगा संख्येने जास्त आणि रुंदीने कमी पडतात. म्हणजे भरून येणाऱ्या पडतात. सिमेंट गरजेपेक्षा जास्त न घालणे, राखमिश्रित किंवा स्लॅगमिश्रित सिमेंट वापरून सुरुवातीची उष्णता आटोक्यात ठेवणे, शटरिंग लवकर न काढणे आणि पाणी मारण्यात एकही दिवस न चुकणे यांचाही परिणाम तोच आहे. मिशिगन विद्यापीठात व्हिक्टर ली यांनी तंतू घालून केलेले वाकणारे काँक्रीट याच तत्त्वाचे टोक आहे. ते ३ टक्क्यांहून जास्त ताणले तरी त्याच्या भेगा साधारण ०.०६ मिमीच्या आत राहतात, आणि इतक्या बारीक भेगा साध्या ओलाव्यातही भरून येतात.

समुद्राजवळ काम करत असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागेल. रत्नागिरी किंवा मुंबईच्या किनाऱ्यावर भेग बुजण्यापूर्वी लोखंड गंजवणारे क्लोराइड सळ्यांपर्यंत पोचले असेल, तर नंतर बुजलेली भेग ते बाहेर काढत नाही. म्हणून तिथे या गुणाच्या भरवशावर कव्हर एक मिलिमीटरही कमी करू नये.

इतर पदार्थांबद्दल थोडक्यात सांगतो. या क्षेत्राला खरी गती आली ती २००१ मध्ये, इलिनॉय विद्यापीठातील व्हाइट आणि सहकाऱ्यांनी इपॉक्सीमध्ये द्रव भरलेल्या सूक्ष्म कुप्या घालून त्याची चिवटता ७५ टक्क्यांपर्यंत परत मिळवली तेव्हा. तिथे भेग खरोखर सांधली जाते, पण एका जागची कुपी एकदाच फुटते. त्यामुळे विमानाच्या किंवा पवनचक्कीच्या पात्यातल्या मुख्य भागाचा सुरक्षा गुणांक त्यावर कमी करणे मला योग्य वाटत नाही. रंग आणि लेप यांत मात्र हा विचार लवकर रुजला, कारण ओरखडा लहान असतो आणि तो भरला नाही तरी जीव जात नाही. रस्त्यांच्या बाबतीत नेदरलँड्सच्या ए-५८ महामार्गावर २०१० मध्ये पोलादी लोकर मिसळलेल्या डांबराचा एक पट्टा टाकला गेला. चुंबकीय प्रवर्तनाने ती लोकर तापवली की डांबर मऊ होऊन बारीक भेगा मिटतात. इथे भेग केव्हा भरायची हे माणूस ठरवतो, आणि देखभालीच्या वेळापत्रकात ते बसवता येते, म्हणून ही दिशा मला फार आश्वासक वाटते.

रोमन काँक्रीटबद्दल २०२३ मध्ये संशोधक अ‍ॅडमिर मासिच यांच्या गटाने दाखवलेली गोष्ट आपल्याला विशेष जवळची आहे. त्या काँक्रीटमधले चुन्याचे पांढरे खडे निष्काळजी मिश्रणामुळे राहिले असे पूर्वी मानले जाई. कळीचा चुना गरम अवस्थेत मिसळल्यामुळे ते खडे तयार होतात आणि पुढे भेगेतल्या पाण्याला चुना पुरवतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्या धर्तीवर केलेल्या नमुन्यांतल्या ०.५ मिमी भेगांतून वाहणारे पाणी दोन आठवड्यांत थांबले. आपल्याकडचे जुने वाडे आणि किल्ले चुना, सुरखी, गूळ, हिरडा यांच्या मिश्रणाने बांधलेले आहेत, आणि चुना विरघळून पुन्हा साचण्याची क्रिया त्यांतही चालते. म्हणूनच अशा भिंतींतले दगडांमधले सांधे सिमेंटने भरले की माझा जीव तुटतो. दुरुस्तीच्या नावाखाली आपण तिथला भरून येण्याचा गुणच बंद करून टाकतो.

आपल्या टाकीसाठी मी पुढीलप्रमाणे करेन. भेगेची रुंदी ०.१५ मिमी धरून आकुंचनाचे आणि उष्णतेचे गणित करा आणि त्यातून येणारे लोखंड पूर्ण द्या. पुरवठादाराकडून त्याच्या चाचणीतली भेगेची रुंदी, भेग पाडली तेव्हाचे काँक्रीटचे वय, पाण्याचा दाब, भरायला लागलेले दिवस आणि तीच चाचणी साध्या काँक्रीटवर केल्यास आलेला निकाल, हे सगळे एकाच कागदावर मागवा. शेवटचा रकाना रिकामा असेल तर ते द्रव्य नाकारा. सांध्याची जागा, वॉटरस्टॉपची बांधणी आणि साय घासण्याची सूचना ड्रॉइंगवर मोठ्या अक्षरात लिहा. चाचणी मातीचा भराव टाकण्यापूर्वी घ्या, टाकी निदान २१ दिवस भरून ठेवण्याची तरतूद कंत्राटाच्या वेळापत्रकातच करा, आणि त्या काळात भिंत बाहेरून रोज कोण पाहणार, त्याचे नाव आधी ठरवा. जी रेषा २१ दिवसांनंतरही ओली दिसेल तिथे ग्राउटिंग करा, आणि भराव त्यानंतरच टाका.